नव्व्याण्णव सेकंद

खटक्याचं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. तेराव्या वर्षी व्हिडिओ गेमच्या रिमोटवर त्याचा अंगठा असा काही चालायचा, की शेजारच्या खोलीत आईला वाटे, कोणीतरी टाइपरायटर आणलाय. तेव्हापासून तो खटक्या. आता वय शेहेचाळीस. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा तो, आणि त्याच अंगठ्याने दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. केसभर चूक झाली तरी कुणा आजोबांना घास चावताना ब्रह्मांड आठवतं, अशा कामात घाई करून चालत नाही.

खेळांच्या बाबतीतही त्याची घाई हळूहळू ओसरली होती. चौदाव्या वर्षी त्याला मारामारीशिवाय काही गोड लागत नसे. बाविशीत गाड्यांचं वेड. खरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा पडद्यावर ताशी तीनशेच्या वेगाने भिंतींवर आदळत सुटायचा. तिशीत फुटबॉलचा संघ चालवला. खेळाडूंच्या बदल्या करायच्या, कुणाला तंबी द्यायची. जन्मात कोणाचा साहेब न झालेल्या माणसाने ती हौस तिथे फेडून घेतली. मुलगी झाल्यावर दोन-तीन वर्षं झोप हाच त्याचा आवडता खेळ होता. आणि आता तो पोस्टमन झाला होता.

म्हणजे रोज सकाळी कामाला बसण्याआधी अर्धा तास. पडद्यावर एक छोटी होडी, दहा-बारा बेटं आणि पिशवीभर पत्रं. या बेटावरचं पत्र त्या बेटावर न्यायचं. पाऊस आला तर एखाद्या पडवीत थांबायचं. बस. त्या खेळात कोणी मरत नाही, कोणी पाठलाग करत नाही, घड्याळ तर औषधालाही नाही.

"बाबा, यात जिंकतात कसं?" एकदा मुलीने मागे उभं राहून विचारलं होतं.

"जिंकत नाहीत."

"मग संपतो कधी?"

"कंटाळा आला की."

"आणि कंटाळा कधी येणार?"

"आला की तुलाच पहिलं सांगतो."

मुलगी पंधरा वर्षांची. नवव्या वर्षी ठोकळ्यांची घरं बांधायची, घरात छोट्या छोट्या खुर्च्या ठेवायची. आता कानाला हेडफोन लावून चार मैत्रिणींवर एकाच वेळी ओरडत बंदुका चालवायची. आपली ही आवड आता कायमची, यापुढे बदलायची नाही, अशी तिची खात्री होती. खटक्याचीही चौदाव्या वर्षी तशीच खात्री होती.

हे पोस्टमनगिरीचं प्रकरण बायकोला ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं. फक्त दादाला ठाऊक नव्हतं.

दादा हा त्याचा मावसभाऊ, दीड वर्षाने मोठा, लिफ्ट दुरुस्त करणारा. दोघांच्या आयांनी, म्हणजे दोघी बहिणींनी मिळून दोघा पोरांत एकच गेम आणला होता. तो कोणाच्या घरी राहणार यावरून इतकी भांडणं झाली, की शेवटी बहिणींनीच निकाल दिला: आठवडाभर कोणीही हात लावायचा नाही, रविवारी चार वाजता दोघांनी मिळून खेळायचं. त्या निकालाला तेहतीस वर्षं झाली होती. खेळ तोच, यंत्रही तेच. तीन वेळा बिघडलं आणि तिन्ही वेळा दादाने ते उघडून, डाग देऊन पुन्हा उभं केलं. रविवारी अकरा लढती व्हायच्या. ज्याच्या जास्त, त्याने खटक्याच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने एक उभी रेघ मारायची. डावीकडे दादाच्या रेघा, उजवीकडे खटक्याच्या. घर बदलताना बायको म्हणाली होती, "हे खोकं टाकून द्या आता." खटक्या म्हणाला, "कपडे टाकू, कपाट नाही." त्यावर दोन दिवस अबोला होता.

चौदा महिन्यांपूर्वी वहिनी गेल्या. सकाळी ओट्याशी उभ्या असताना खाली पडल्या, त्या गेल्याच. त्यानंतर दादा गप्प झाला. तसा तो आधीही फार बोलका नव्हता, पण आता त्याच्याकडून शब्द काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं होतं. फोनवर "हं" आणि "बरं". जेवायला बोलावलं तर "पुढच्या वेळी". फक्त रविवारचे चार वाजले की मात्र दारात हजर, एकदाही खाडा नाही.

आणि इथेच खटक्याची गोची झाली होती. त्याला तो मारामारीचा खेळ आता नकोसा झाला होता. नुसता कंटाळा नाही, अगदी जिवावर यायचं. ते ओरडणं, ते लाल झगझगणारे दिवे. पण सांगणार कसं? त्या दोन तासांवरच माणूस उभा आहे, आणि तेच आपण काढून घेतले तर दादा रविवारी एकटा घरात बसून भिंतीकडे बघत राहील. मग "हं" आणि "बरं"सुद्धा बंद होईल. या भीतीने तो तोंडात मिठाची गुळणी धरून खेळत राहिला. एवढंच नाही, मुद्दाम हरू लागला. तेवढाच दादाला विरंगुळा. पकड जरा सैल ठेवायची, लाथ जरा उशिरा मारायची. गेल्या वर्षभरात डावीकडच्या रेघा नुसत्या गवतासारख्या माजल्या होत्या.

पण मागच्या रविवारी काहीतरी बिनसलं. सातव्या लढतीत दादाने त्याला आडवा केला. पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि दादा रिमोट खाली ठेवून उठला. बाथरूममध्ये गेला तो दहा मिनिटं बाहेर येईना. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "उरलेल्या पुढच्या वेळी," म्हणाला, आणि रेघ न मारताच गेला.

"त्यांना कळलं असणार, तुम्ही मुद्दाम हरता ते," बायको म्हणाली. "भाऊजी काय लहान मूल आहेत? अपमान वाटला असेल. सरळ सांगून का नाही टाकत?"

आठवडाभर खटक्याच्या मनात तेच. बुधवारी तर त्याने एका कवळीत डावी दाढ उजवीकडे बसवली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने ती मेणातून उपसून काढली आणि ठरवलं: येत्या रविवारी सांगायचं. दादा रागावला तर रागावला.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दादा आत आला, बूट नेहमीसारखे भिंतीला समांतर लावले, नेहमीच्या जागी बसला. बायकोने चहा आणून ठेवला.

"दादा," खटक्या म्हणाला.

"हं?"

"काही नाही. साखर बघ, कमी आहे का."

"ठीक आहे."

झालं, आठवडाभराचा निर्धार साखरेत विरघळला! खटक्याने स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि यंत्र सुरू केलं.

दादाने नेहमीचा टकल्या पैलवान घेतला. खटक्याने नेहमीची शेंडीवाली घेतली. लढतीची जागाही नेहमीचीच, बंदराचा धक्का. वर घड्याळात नव्व्याण्णव सेकंद लागले आणि ते उलटे पळू लागले. खटक्याने नेहमीप्रमाणे शेंडीवालीला जरा ढिली उभी केली आणि दादाच्या पहिल्या ठोशाची वाट बघू लागला.

ठोसा आला नाही.

नव्वद झाले, पंचाऐंशी झाले. टकल्या जागच्या जागी हलत उभा, शेंडीवाली समोर डुलत उभी. खटक्याच्या मनात पाल चुकचुकली. हा आपली परीक्षा घेतोय. आपण मुद्दाम हरतो की नाही ते बघतोय. म्हणजे आता खरोखर मारावं लागणार. त्याचा अंगठा बटणावर गेला, आणि तिथेच राहिला. मारवेना. त्याने चोरून दादाकडे पाहिलं. दादाच्या मांडीवर रिमोट होता, आणि अंगठे रिमोटवर नव्हतेच. हाताची घडी घालून तो बसला होता.

"दादा, मार ना," खटक्या म्हणाला.

"तू मार."

"तुझी पाळी आहे."

"यात कधीपासून पाळी आली रे?"

खरंच होतं ते. साठ, पंचावन्न. करायला काहीच नव्हतं म्हणून दोघं पडद्याकडे बघत राहिले.

"तो कुत्रा," थोड्या वेळाने दादा म्हणाला.

"कुठला?"

"मागे, दोरखंडाच्या वेटोळ्यावर झोपलाय. शेपटी हलवतोय बघ."

खटक्या पुढे वाकला. खरंच, एक पिवळट कुत्रा होता. त्याच्यामागे एक म्हातारा जाळं विणत बसला होता, आणि मधूनच थांबून मान वर करत होता. वरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तेहतीस वर्षं त्या धक्क्यावर हे दोघे एकमेकांची डोकी फोडत होते, आणि ती बाई मागे कपडे वाळत घालत होती.

"आधीपासून आहेत हे?" खटक्याने विचारलं.

"नाही तर काय, मागच्या आठवड्यात राहायला आले?"

खटक्याला हसू फुटलं. दादाच्या तोंडून विनोद ऐकून त्याला चौदा महिने झाले होते.

घड्याळात तीस झाले, आणि डावीकडून एक होडी आली. लहानशी, पांढऱ्या शिडाची. आरामात पडदा ओलांडू लागली. म्हाताऱ्याने जाळं खाली ठेवून तिला हात केला. दोघांनी ती होडी जन्मात पाहिली नव्हती, कारण त्यांची एकही लढत कधी तिथवर टिकलीच नव्हती. घड्याळ तिसावर यायच्या आधीच कोणीतरी आडवं झालेलं असायचं.

"अरे, तुझ्या वहिनीला माहीत असतं तर..." दादा म्हणाला आणि थांबला.

खटक्या थांबून राहिला. पाऊस थांबायची वाट बघायला तो हल्ली शिकला होता.

"मला नाही आता मारवत," दादा म्हणाला. तो पडद्याकडेच बघत होता. "मागच्या वेळी तुझी ती शेंडीवाली पडली ना, मी वाट बघत बसलो, आता उठेल म्हणून. तिच्या वेळीही असाच उभा होतो. मला वाटलं, पाय घसरलाय, उठेल आता. उठेल म्हणून नुसता उभा राहिलो रे, लगेच हातसुद्धा नाही दिला."

खटक्याने दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग येतोस कशाला दर रविवारी?" शेवटी त्याने विचारलं.

"तिनेच सांगून ठेवलं होतं. पूर्वी कधीतरी मी कंटाळा करायचो ना, तेव्हा. म्हणायची, जा, त्याचा रविवार बुडवू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांशी बोलतो तो, तुमच्याशिवाय त्याला आहे कोण?"

"मला?" खटक्या म्हणाला. "मी तर तुझ्यासाठी खेळतोय. मला हा खेळ दोन वर्षांपासून नकोय. मी सकाळी पत्रं वाटतो."

"काय वाटतोस?"

"दाखवतो नंतर. होडी आहे त्यात."

सेकंद संपले. घंटा वाजली. टकल्या आणि शेंडीवाली, दोघांनीही माना खाली घातल्या, आणि पडद्यावर कधीही न पाहिलेली निळी अक्षरं आली. बरोबरी.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला. "होडी येईपर्यंत."

खटक्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा. दादा बोलत होता. वहिनी कपडे वाळत घालताना चिमटे तोंडात धरायच्या आणि तशाच त्याला ओरडायच्या, म्हणून निम्मं ओरडणं त्याला कधी कळलंच नाही, हे त्याने सांगितलं. सांगताना तो रडला, मग हसला, मग चहा मागितला. दर वेळी तिसावर होडी आली की दोघं गप्प व्हायचे, आणि ती गेली की दादा पुढे सुरू करायचा.

सहाच्या सुमारास मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली. इतकी शांतता कशी, हे बघायला आली असावी. पडद्यावर दोघे पैलवान स्वस्थ उभे, आणि सोफ्यावर दोघे काका-बाबा.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

दादा उठला. कपाट उघडलं, दाराला अडकवलेली पेन्सिल घेतली. डावीकडच्या रेघांकडे पाहिलं, उजवीकडच्या पाहिल्या. मग दोन्हींच्या मधल्या कोऱ्या जागेत, डावीकडून उजवीकडे त्याने एक आडवी रेघ ओढली.

"कोणी पडलं नाही," तो म्हणाला.