पडद्यावरची थोरली

हार्डवेअरच्या दुकानावर जे सभागृह आहे, त्यात खुर्च्या दोनशे आणि माणसं तीनशेच्या वर. उरलेली भिंतीला टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. पंखे फिरत होते, पण त्यांचा वारा पहिल्या चार रांगांनीच पिऊन टाकलेला. समोर भिंतभर पडदा आणि पडद्यावर गोल गोल चेहरे. एकेका गोलात एकेक माणूस.

"मी कोण? मी कुणीच नाही," पडद्याशेजारच्या खुर्चीवरून ओळखदादा हात पसरून म्हणाला. हे तो दर सभेत म्हणायचा, आणि दर सभेला त्याची खुर्ची थोडी उंच झालेली असायची. "मी नुसता पडदा लावणारा. बोलतं ते यंत्र. यंत्राला नातं नाही, भीड नाही, लबाडी नाही. तुमचे हजार फोटो, शंभर व्हिडिओ ते एका दमात चाळतं आणि ज्याचा चेहरा त्याच्या पदरात टाकतं. मग बघू या, गेलेलं माणूस खरंच गेलंय का!"

त्याने बटण दाबलं. पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीचा गोल मोठा झाला आणि त्याखाली तिचे फोटो पटापट रांगेत येऊन बसले. झोपाळ्यावरची. गुडघ्याला पट्टी बांधलेली. केकवर ओणवी होऊन फुंकर मारणारी.

"ही मुलगी जाऊन किती वर्षं झाली?"

"आठ," तिसऱ्या रांगेतून एका बाईचा आवाज आला.

"आठ! आणि हा केकचा फोटो कधीचा? गेल्या महिन्यातला. हा झोपाळ्यावरचा? तारीख वाचा. या वर्षीची! यंत्र खोटं बोलेल का?"

"नाही!" सभागृह एका तोंडाने म्हणालं.

बाईच्या शेजारी तिचा नवरा बसला होता आणि त्याच्या मांडीवर सहा वर्षांची धाकटी. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "बाबा, केकवाली मी आहे." बापाने तिला गप्प केलं.

मागून चौथ्या रांगेत एकच बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती त्या मुलीची आत्या. इमारतीत लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणत. एका वर्तमानपत्राच्या छायाचित्र-संग्रहात तिने बत्तीस वर्षं काढली होती. आलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर कोण, कुठे, कधी हे लिहायचं आणि पाकिटात घालायचं, हे तिचं काम. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून चुकीच्या चेहऱ्यावर नाव पडलं आणि पेपरात एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली छापून आली. तो गृहस्थ सकाळी पेपर काखेत मारून स्वतः कचेरीत हजर झाला. तेव्हापासून आत्याचा नियम पक्का झाला. दोन माणसांना वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही, आणि दोघं एकच बोलली तरच पेन्सिल टेकवायची.

तिला झोपाळ्याचा फोटो खटकला होता. त्याच्या उजव्या कडेला पांढरी किनार होती आणि मधोमध खिडकीच्या गजांची फिकट सावली. हा फोटो मुलीचा नव्हता. हा फोटोचा फोटो होता.

ओळखदादाचं अजून संपलं नव्हतं. त्याने आवाज खाली आणला. "माय, थोरली परत आली आहे. पण जेवढ्या वयाची असताना ती गेली, तेवढं वय धाकटीला पुढच्या महिन्यात होतंय. तो दिवस अवघड. सोमवारपासून तो दिवस टळेपर्यंत मुलगी माझ्या निवासात राहील. आईबापांची सावली नको. तुमचीच ओढ तिला घेऊन जाते."

भावजयीने मान डोलावली.

घरी आल्या आल्या तिने भावाला गाठलं. "अरे, झोपाळ्यावर थोरलीच आहे. आपल्या अल्बममधला फोटो आहे तो. त्यावर या वर्षीची तारीख कशी?"

"तेच तर नवल आहे ना, ताई!"

"नवल कसलं? अल्बम घेऊन गेला होतात?"

"नाही," भावजय म्हणाली. "कागदाचे फोटो आणू नका, घरीच फोनवर काढून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी खिडकीशी बसून एकेक काढला."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मग फोनने मार्चच लिहिला! त्याला काय ठाऊक आतली पोर कधीची? तू फोटो काढलास तो दिवस त्याने टिपला."

भावजय म्हणाली, "बरं, तारखेचं राहू दे. पण दोघींना एकत्र कुणी केलं? यंत्रानेच ना? यंत्राला काय ठाऊक माझी एक मुलगी गेली आहे?"

पुढची सभा शनिवारी होती, म्हणजे हातात चार दिवस होते. भावजयीने धाकटीचे कपडे कपाटातून काढून पलंगावर घड्या करून ठेवले होते आणि मधूनच ती तिला थोरलीच्या नावाने हाक मारायची. धाकटी ओ द्यायची नाही. मग आई रडायची, आणि मग पोर घाबरून ओ द्यायची.

आत्याने आपला फोन काढला. चेहऱ्यांप्रमाणे फोटो लावून देण्याची सोय त्यातही होती, तिने ती कधी वापरली नव्हती एवढंच. घरातले सगळे फोटो, स्वतःच्या लहानपणचेसुद्धा, तिने त्यात घातले. तासाभराने गोल तयार झाले. आणि फोनने दोन चेहरे शेजारी ठेवून अदबीने विचारलं, "ही व्यक्ती एकच आहे का?"

डावीकडे धाकटी. उजवीकडे सात वर्षांची, दोन वेण्यांची आत्या स्वतः.

आत्या इतकी मोठ्याने हसली की भाऊ आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. "बघ! मी अजून आहे, आणि तरी परत आले! अरे, एका घरातली नाकं आहेत ही. यंत्राला खात्री नाही म्हणून ते विचारतंय. तुम्हाला नव्हतं का विचारलं?"

भावजय खालच्या आवाजात म्हणाली, "सभागृहाच्या दाराशी टेबल लावून बसतात त्या बाईंनी विचारलं होतं. त्यांच्याकडे टॅब होता. 'हीच ना ती? डोळे बघा, माय. आईला कळतंच.' तीनदा विचारलं."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं." मग एकदम मान वर करून, "तुमचा फोन साधा आहे, ताई. त्यांचं यंत्र वेगळं आहे. सोमवारी मी तिला पाठवणार."

एका घरात बसून हे सुटणार नाही, हे आत्याला कळलं. ज्या गर्दीने भावजयीच्या मनात खात्री भरली होती, त्याच गर्दीसमोर ती खात्री उतरायला हवी होती.

इमारतीत नळाची कामं करणारा एक नळवाला होता आणि त्याचा थोरला भाऊ शाळेची बस चालवायचा. दोघांचं नाक, भुवया, हनुवटीचा खळगा सगळं एका साच्यातलं. आत्याने बसवाल्याचे तरुणपणीचे चार कागदी फोटो मागून आणले आणि फोनवर काढले. त्यांच्या जोडीला नळवाल्याचे हल्लीचे फोटो घातले.

"आत्या, मला काय करायचंय?" बसवाल्याने विचारलं.

"मरायचं."

"कधी?"

"शनिवारी, चार वाजता. शर्ट इस्त्रीचा घाल."

शनिवारी टेबलावरच्या बाईने आत्याचा फोन तारेने टॅबला जोडला आणि अर्ज पुढे केला. आत्याने लिहिलं: भाऊ, वीस वर्षांपूर्वी गेला. दुसरे फोटो कुणाचे? आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येतो त्याचे.

बाईचे डोळे चमकले. टॅबवर दोन चेहरे आले. "हेच ना ते? हनुवटी बघा, माय. बहिणीला कळतंच."

"तुम्हाला काय वाटतं?" आत्याने विचारलं.

"आम्ही कोण सांगणार? तुम्ही हो म्हणा, मग यंत्र बोलेल."

"मग हो."

पाऊण तासाने तिचा नंबर आला. पडद्यावर बसवाल्याचा जुना चेहरा मोठा झाला आणि त्याखाली पान्हा हातात घेतलेला नळवाला रांगेत उभा राहिला. ओळखदादाने डोळे मिटले.

"बहिणीची माया! भाऊ गेला, पण घर सोडवेना. देह बदलला, वेश बदलला, हातात पान्हा घेतला आणि बहिणीच्या दारात पाणी द्यायला आला! माय, तुमचा भाऊ पाण्यापायी गेला ना?"

"तो गेलेलाच नाही," आत्या म्हणाली. "पाचव्या रांगेत बसलाय. ऊठ रे बाबा."

बसवाला उठला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. पडद्यावरचा चेहरा वीस वर्षांनी जाड झालेला, पण तोच. शेजारून नळवालाही उठला. "हा माझा थोरला भाऊ," तो म्हणाला. "आणि या आत्या आमच्या कुणी लागत नाहीत. यांच्याकडचा नळ मात्र सारखा गळतो."

"मी जिवंत आहे," बसवाला शांतपणे म्हणाला. "शंका असेल त्यांनी सोमवारी सात वाजता बसथांब्यावर यावं."

हशा पिकला. मग तो विरला आणि खुर्च्या करकरू लागल्या.

ओळखदादाने डोळे उघडले. "यंत्राला फसवलंत तुम्ही!"

"यंत्राने फसवून घेतलं नाही. त्याने विचारलं, हे दोघं एकच का? खोटं मी बोलले. तुमच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, हो म्हणा, म्हणून हो म्हणाले. माझंच उत्तर तुम्ही मला भिंतीएवढं करून दाखवलंत." ती गर्दीकडे वळली. "तुम्हाला विचारलं होतं का तिथे? डोळे बघा, हनुवटी बघा?"

एक म्हातारा पुटपुटला, "मला कान बघा म्हणाली होती."

"मला चाल बघा म्हणाली. व्हिडिओतली."

"आणि जुने फोटो घरीच फोनवर काढून आणायला सांगितले होते की नाही? या तारखा त्या दिवसाच्या आहेत," आत्या म्हणाली.

"ज्यांचा विश्वास नाही त्यांनी बाहेर जावं!" ओळखदादा ओरडला आणि पडदा काळा झाला.

सगळे काही बाहेर गेले नाहीत. शंभरेक माणसं बसून राहिली, आणि त्यातली काही आत्याकडे अशा नजरेने बघत होती, जणू तिने त्यांच्या घरातलं माणूस दुसऱ्यांदा नेलं. ती नजर आत्याला बोचली. भावजयही बसूनच होती. भावाने तिचा हात धरला, तेव्हा ती उठली.

घरी कुणी चहासुद्धा केला नाही. टेबलावर भावजयीचा फोन ठेवून तिघं बसली. आत्याने घरच्या फोटोंचे गोल उघडले. टॅबवरच्या त्या 'हो'ची नोंद फोनमध्येही झाली होती: दोन्ही मुली एकाच गोलात, थोरलीच्या नावाखाली.

"तू आत जा," आत्या भावाला म्हणाली. "तुला नंतर विचारते. एकमेकांचं ऐकायचं नाही."

भाऊ आत गेला. आत्याने दोन चेहरे शेजारी ठेवले आणि फोन भावजयीपुढे सरकवला. डोळे बघ, हनुवटी बघ, काहीच म्हणाली नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

भावजयीने फोन जवळ ओढला.

"नाही म्हटलं तर ती परत जाईल ना, ताई?"

"ती आठ वर्षांपूर्वीच गेली गं. नाही म्हटलंस तर धाकटी मात्र परत येईल."

भावजयीचं बोट दोनदा पुढे गेलं आणि दोनदा मागे आलं. तिसऱ्यांदा तिने 'नाही' दाबलं. गोल फुटून दोन झाले. एकाखाली सहाशे बारा फोटो. दुसऱ्याखाली एक्केचाळीस.

"एवढेच?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

"एवढेच. पण सगळे तिचे आहेत. एकही उसना नाही."

आतून भाऊ आला. आत्याने दोन चेहरे पुन्हा शेजारी ठेवून त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे न बघता 'नाही' दाबलं. आत्याने कपाटातली पेन्सिल आणली, अल्बममधला झोपाळ्यावरचा फोटो काढला आणि त्याच्या पाठीवर थोरलीचं नाव आणि तिचं खरं वर्ष लिहिलं. भावजयीने पलंगावरच्या घड्या उचलून कपाटात ठेवल्या आणि बाहेर खेळणाऱ्या पोरीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारली. ती पहिल्याच हाकेला आली.

ओळखदादाचं सभागृह अजून चालू आहे. गर्दी निम्मी झाली आहे, संपलेली नाही, कारण गेलेलं माणूस परत हवं असणारी माणसं संपलेली नाहीत. त्यांना हसू नये. पण एक सांगावंसं वाटतं. ही यंत्रं चेहरे जुळवतात, तारखा नोंदवतात आणि अडलं की तुम्हालाच विचारतात. त्या प्रश्नाखाली 'हो' असतं, 'नाही' असतं, आणि बारीक अक्षरात तिसरं बटणही असतं: 'सांगता येत नाही'. कुणी शेजारी उभा राहून डोळे बघा, हनुवटी बघा म्हणत असेल, तर आधी त्याला बाहेर जायला सांगा. मग स्वतः बघा. तरीही कळलं नाही तर ते तिसरं बटण दाबा. त्यात कमीपणा काही नाही.