छकी परीक्षेला आली नाही तर...

"भाजीत मीठ दोनदा घातलंस का गं?" नवऱ्यानं घास तोंडात तसाच ठेवून विचारलं.

गणिताच्या बाईंनी ऐकलंच नाही. ताटाशेजारी वर्गाची गुणयादी उघडी होती.

नियम नवा होता. ज्या वर्गाची वार्षिक परीक्षेतली सरासरी जास्त, त्याच्या शिक्षकाला मोठी पगारवाढ. तो जाहीर झाला तेव्हा पहिल्या टाळ्या बाईंनीच वाजवल्या होत्या. का वाजवू नयेत? सरकारी शाळेत पंधरा वर्षं त्या घसा फोडून शिकवत होत्या आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी फळ्यावर चार गणितं टाकून खुर्चीत डुलक्या घेत. पगार मात्र दोघांना सारखाच! सांगा मंडळी, आपल्या कामाच्या जागी असं चाललं, तर तुमचा-माझा जीव जळत नाही?

पण त्या दिवसापासून बाईंना स्वस्थता नव्हती. वर्गात पूर्वी चेहरे दिसायचे, आता गुण दिसू लागले. आधी शाळा सुटल्यावर त्या छकीला घेऊन बसत. छकी दुसऱ्या शाळेतून वर्षाच्या मध्येच आलेली, अपूर्णांक म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. आता तो वेळ पासाच्या काठावरच्या मुलांना जाऊ लागला. छकी काही काठावर नव्हती, तळाशीच होती.

सराव परीक्षेत तिला शंभरपैकी अकरा मिळाले. बाईंचा तोल सुटला.

"तुझ्या एकटीच्या पायी सगळ्या वर्गाची सरासरी खाली येणार! कळतंय का तुला?"

छकीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, पुढचा आठवडाभर नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि परीक्षेला गैरहजर राहिलेली मुलं सरासरीत धरत नसत. हजेरीपटावर तिच्या नावापुढे फुली मारताना बाईंना एकदम हलकं वाटलं.

चित्रकलेच्या बाई हसून म्हणाल्या, "सुटलात! काटा आपोआप निघाला."

काटा? आठवीतली पोर काटा? आणि आपल्याला हलकं का वाटलं? बाईंना पुढचा तास धड घेता येईना. शाळा सुटताच त्या छकीच्या घराकडे निघाल्या.

दार तिच्या आईनं उघडलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. अंगावरचा गणवेशही बदलला नव्हता.

"छकीला बरं नाही का?" बाईंनी विचारलं.

"ठणठणीत आहे. पण म्हणते, मी परीक्षेला गेले तर बाईंची पगारवाढ अडेल."

बाई आत येऊन बसल्या. नर्सनं पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"रागावू नका बाई. आमच्याकडेही असाच नियम आला होता. ज्या वॉर्डातले जास्त पेशंट बरे होऊन जातील, त्या वॉर्डाला बक्षीस. मग काय! सीरियस पेशंट आला की तो कुणी घ्यायचा यावरून दारातच भांडणं, आणि स्ट्रेचर मधोमध उभं. आजारी माणूसच नकोसा झाला, तर दवाखाना हवा कशाला हो?"

"पण ताई, जो कामच करत नाही, तो आणि मी एकाच मापात? हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच तो! म्हणून तर आता आमच्या मेट्रन, म्हणजे मोठ्या सिस्टर, स्वतः फेरी मारतात. पेशंट आला तेव्हा कसा होता, आता कसा आहे, कोण खाटेकडे फिरकलंच नाही, सगळं त्यांना दिसतं. तुमच्या वर्गात येऊन कोण बसतं?"

एवढ्यात आतल्या खोलीतून छकी दाराशी आली.

"बाई, आता आपल्या वर्गाचा निकाल चांगला लागेल ना?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अरेरे! पंधरा वर्षांच्या शिकवण्यातून या मुलीला शेवटी हेच कळावं?

"चुकलं माझं, छकी," त्या म्हणाल्या. "तू नसशील तर तो वर्गच अर्धा. वही आण. अपूर्णांकांपासून सुरू करू."

परीक्षेपर्यंत बाई रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसल्या. छकीनं परीक्षा दिली. तिला तेहेतीस मिळाले, पासाला दोन कमी. वर्गाची सरासरी घसरली आणि वाढ डुलक्या घेणाऱ्या गुरुजींच्या पदरात पडली, कारण त्यांच्या वर्गात शिकवणीला जाणारी मुलं जास्त होती. बाईंना वाईट वाटलं. का वाटू नये?

पण पुढच्या बैठकीत त्या शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, आमचं काम जरूर मोजा. चांगल्याला जास्त द्या, आळशाला जाब विचारा. पण वर्गात येऊन बसा. मूल कुठून निघालं आणि कुठवर आलं, ते बघा. अकरावरून तेहेतीसवर आलेली मुलगी तुमच्या कागदावर नापास आहे. माझ्या वर्गात तिच्याएवढं अंतर कुणीच चाललेलं नाही!"

साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. नियम त्या वर्षी तरी बदलला नाही. बाईंनी मात्र शाळा सुटल्यानंतरचा तास पुन्हा छकीला दिला, आणि तिच्यासारख्या आणखी तिघांना.

मंडळी, गुणाची कदर व्हायलाच हवी, कष्टाचं चीज व्हायलाच हवं. पण ज्या मापानं मागे पडलेलं मूल शिक्षकाला ओझं वाटू लागतं, ते माप खोटं. सरकारी शाळा सगळ्यांची असते, आणि जे मूल मागे आहे, त्याची ती सगळ्यात आधी असते!