अर्धी मिशी

आजोबांनी उभा जन्म सलून चालवलं. गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली; पण आजीनं आपल्या केसांना त्यांना कधी बोट लावू दिलं नाही. त्याला कारण होतं. लग्नाआधी ती एकदा वडिलांना बोलवायला दुकानात आली, आणि हे महाशय आरशात तिच्याकडे बघता बघता वडिलांची अर्धी मिशी उडवून बसले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो! उरलेली अर्धीही काढावी लागली. तरी त्यानं पोरगी दिली, म्हणजे बघा. पुढे घरात भांडण कशावरूनही निघो, संपायचं त्या मिशीवर. आजोबा वैतागायचे. आता मात्र त्याच टोमण्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

आजीच्या मेंदूत गाठ निघाली होती आणि गेले काही महिने ती नवऱ्याला ओळखत नव्हती. 'अहो' म्हणायची, पण पाहुण्याला म्हणावं तसं. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, की पूर्वीसारखी कवटी उघडायची नाही, त्यामुळे या वयातही झेपेल. उजव्या कानाच्या वर छोटंसं भोक पाडून दुर्बिणीनं गाठ काढू. आठवण परत येईल का, ते मात्र सांगता येणार नाही.

तेवढ्या जागेपुरते केस काढायचे होते. मी असताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, म्हणून आजोबा हटून बसले. सवयीनं त्यांनी आजीला बेसिनवरच्या आरशासमोर बसवलं, मान सरळ केली. आरशात तिचा चेहरा दिसला. अनोळखी माणसापुढे बसावं तशी मुकाट बसली होती बिचारी. एके काळी याच डोळ्यांत केवढा खट्याळपणा होता! बघता बघता आजोबांचे डोळे भरून आले, आणि हात आपला रोजच्यासारखा डावीकडून सुरू झाला.

"आजोबा, खूण उजवीकडे आहे," नर्स म्हणाली.

जित्याची खोड, दुसरं काय! मग उजवीकडचेही काढले. इतकी लाज त्यांना मिशीच्या वेळीही वाटली नव्हती.

गाठ नीट निघाली. दुसऱ्या दिवशी आजी उशीला टेकून बसली. उजवीकडे इवलीशी पट्टी होती. तिचा हात पट्टीवरून फिरला, मग डावीकडे गेला आणि तिथल्या गुळगुळीत चकतीवर थांबला. आजोबांनी मान खाली घातली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"आधी बाबांची मिशी, आता माझं डोकं," ती म्हणाली. "आरशात कुणाकडे बघत होतात?"

आजोबांनी नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं.