आपला गडी बेसवर असताना

फोन वाजला तेव्हा रेडिओवर बेसबॉलचा नववा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता, आमच्या संघाचे दोन गडी बेसवर होते आणि मी खुर्चीत होते.

"लोरेटा, हलू नकोस," स्टॅन म्हणाला.

आमच्या घरात हा नियम बाबांपासूनचा. आपला गडी बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, असताना कुणी जागचं उठायचं नाही, उठलं की डाव बिघडतो. एकदा आईचा ओव्हनमधला केक जळून कोळसा झाला, पण ती उठली नाही. तो सामना आम्ही जिंकलो, मग काय, नियम आणखीच पक्का झाला. हसा खुशाल. आमच्या गल्लीत अशी पाच घरं तरी निघतील.

स्टॅन माझा थोरला भाऊ. तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढली, लग्न केलं नाही, आणि चार वर्षांपूर्वी अर्धांगानं डावी बाजू गेली. तेव्हापासून त्याची अंघोळ, खाणंपिणं, सगळं माझ्या गळ्यात. मी वैतागते, ओरडते, मग रडते. एप्रिल ते सप्टेंबर त्यातल्या त्यात बरे जातात. रेडिओवर सामना लागला की तीन तास तो कुरकुरत नाही आणि मीही माणसात असते.

वर्षापूर्वी मी गुपचूप त्याचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत घातलं होतं. परवा शुक्रवारी तिथल्या बाईंचा फोन आला. एक खाट रिकामी होतेय, रविवारी दुपारी नक्की कळवते, पण फोन उचलला नाहीत तर खाट पुढच्या माणसाला जाईल. दोन दिवस मी मनात मांडे खात होते. सकाळी आठपर्यंत झोपेन, मावसबहिणीकडे महिनाभर राहीन, काय नि काय.

आणि त्याच रविवारी आमचा शेवटचा सामना. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर हंगाम संपला. आम्ही दोन धावांनी मागे होतो, आणखी एक गडी बाद झाला की खेळ खलास.

फोन नऊ वेळा वाजला. स्वयंपाकघर सात पावलांवर. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण मेलं मन! म्हटलं, एवढा एक चेंडू होऊ दे. तेवढ्यात फोन थांबला.

पुढच्याच चेंडूवर आमच्या संघातल्या पोरानं असा टोला हाणला की रेडिओवर सामना सांगणाऱ्याचा आवाज चिरकला. स्टॅननं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. चेंडू पार भिंतीपर्यंत गेला, आणि भिंतीला पाठ लावून त्यांच्या माणसानं तो झेलला.

मी उठून फोन लावला. बाई चांगलं बोलल्या. खाट गेली होती. तुमचं नाव परत यादीत शेवटी घालते, म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले.

परत आले तर स्टॅन रेडिओ बंद करून बसला होता.

"खाट गेली ना?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? शुक्रवारी तू दार लोटायला विसरलीस, म्हणाला.

"मग मला बसवून ठेवलंस ते संघासाठी, की स्वतःसाठी?"

त्यानं चांगल्या हातानं मेलेला हात उचलून मांडीवर ठेवला.

"आधी संघासाठीच. खरंच, लोरेटा. मग चौथ्यांदा वाजला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हा त्यांचाच." त्याचा आवाज खाली आला. "तेव्हा देवाला म्हटलं, जिंकवू नकोस, हरवूही नकोस. आमची दोन पोरं तशीच बेसवर राहू देत. म्हणजे तुला उठता येणार नाही."

रागावायचं होतं, पण रागावायला जीवच उरला नव्हता. साडेपाच झाले होते, त्याला बाथरूमला न्यायची वेळ. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि रोजच्यासारखा त्यानं एक हात माझ्या मानेभोवती घट्ट टाकला. एप्रिलला अजून सहा महिने आहेत.