डॉक्टर ताम्मिंगांची कॅराव्हॅन

शेवटी वीत्स्केने सूड घेतला, आणि तो घेतला जात असताना डॉक्टर ताम्मिंगांच्या तोंडात बडीशेपेच्या गोळ्या लावलेला कोरडा टोस्ट होता. पण असं काही घडलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. डॉक्टरही तसंच धरून चालतात.

तर, वीत्स्के तपासणीच्या खोलीत बसली होती. नववा महिना. शेजारी नवरा डाउवे, मांडीवर दोघांचे कोट घेऊन.

"पहिलं सिझेरियन," डॉक्टर संगणकाकडे बघत म्हणाले. "मग दुसरंही सिझेरियनच करू. मंगळवारी सकाळची जागा आहे. सुटसुटीत."

"मला नैसर्गिक करून बघायचंय," वीत्स्के म्हणाली.

"जुना टाका उसवू शकतो, बाई."

"क्वचित उसवतो. सुईणबाईंनी सगळं सांगितलंय. चारातल्या तिघींचं जमतं."

"आणि चौथी?"

"चौथी तुमच्याकडे येते. तुम्ही काय, इथेच असता."

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. "आपण आधी भेटलोय का?"

"तुमचा हात माझ्या पोटात होता," वीत्स्के म्हणाली.

डाउवेने दोन्ही कोट घट्ट धरले.

थोरल्या मुलीच्या, हिस्केच्या वेळी काय झालं होतं, ते सगळ्या स्नेक गावात फक्त वीत्स्केच्या लक्षात होतं. कळा थांबल्या तेव्हा डॉक्टरांनी तिच्या अंगावरून पलीकडे डाउवेला विचारलं होतं, "काय, करूया ना?" आणि डाउवे, जो चप्पल घेतानाही तीन दुकानं हिंडतो, तो लगेच म्हणाला होता, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." मग हिरवा पडदा लागला. पडद्यापलीकडे डॉक्टर भूलवाल्याशी आपल्या कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या सुट्टीतल्या घराच्या, दारापुढच्या कापडी छताबद्दल बोलत होते. हिस्के या जगात आली तेव्हा खोलीत जे पहिलं वाक्य उच्चारलं गेलं, ते असं: "बेज रंग घे, बेजवर मळ दिसत नाही."

ऑपरेशन गरजेचं होतं का? असेलही. वीत्स्केचं भांडण सुरीशी नव्हतंच.

ती नगरपालिकेत रस्त्यावरच्या वाहनांच्या विभागात होती. आपल्याकडे कॅराव्हॅन घरासमोर तीन दिवसांच्या वर उभी करता येत नाही. गावातले बाकीचे लोक ती उन्हाळाभर उभी करत आणि वीत्स्के उन्हाळाभर दुसरीकडे बघत असे. ताम्मिंगांच्या दारात मात्र ती स्वतः सायकलवरून जाऊन बघे, आणि चौथ्या दिवशी नोटीस पाठवी. ताम्मिंगा दर वेळी निमूटपणे गाडी हलवत आणि दिलगिरीचं कार्ड पाठवत, त्यावर ट्युलिप. यात काही राम नव्हता. ज्याच्यावर सूड उगवला त्याला तो कळलाच नाही, तर तो सूड नव्हे, ते नुसतं सरकारी काम.

म्हणून या वेळी तिचा बेत साधा होता. डॉक्टरांनी खोलीत उभं राहायचं, हात खिशात घालायचे, आणि तिने त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या मदतीशिवाय बाळंत व्हायचं. मग त्यांना म्हणायचं, "या आता." बस.

रेन्स्के, तिची सुईण, हे ऐकून म्हणाली होती, "अगं, बाळंतपण आहे की फुटबॉलची मॅच?"

"मॅचच. परतीची."

कळा रविवारी सकाळी सुरू झाल्या आणि ड्यूटीवर ताम्मिंगाच होते. देव कधीकधी वेळापत्रक बघतो. दुपारपर्यंत सगळं छान चाललं. वीत्स्के ओरडत होती, डाउवे तिच्या कमरेला गरम पिशवी लावत होता आणि शिव्या खात होता.

"अजून खाली! तिथे नाही, गाढवा! ती मणक्याची बाजू!"

"हो राणी."

मग रेन्स्के यंत्राच्या पट्टीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. तिने वीत्स्केचा हात धरला.

"बाळाचे ठोके खाली जातायत गं. परत वर येतायत, पण दमतंय ते."

ताम्मिंगा आले. पट्टी पाहिली, आणि जुन्या सवयीने अंगावरून पलीकडे बघितलं. "काय, करूया ना?"

डाउवेचा चेहरा पांढरा पडला होता. "मला काय विचारता?" तो जवळजवळ किंचाळला. "पोट तिचं आहे!"

वीत्स्केला कळत होतं, की हो म्हटलं तर मॅच गेली. या माणसाकडेच पोट उघडून द्यायचं. आत कोणीतरी दमत होतं, आणि त्याला मॅचबद्दल कोणीच सांगितलेलं नव्हतं.

"मला विचारा," ती म्हणाली.

"बाई, वेळ कमी आहे..."

"वाक्य छोटं आहे."

ताम्मिंगांनी तिच्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच, डोळ्यांत. "तुमची परवानगी आहे का?"

"आहे. चला लवकर. आणि मी टेबलावर असेपर्यंत कॅराव्हॅनचा विषय काढायचा नाही."

पडद्यामागे इतकी शांतता होती की भूलवाल्याने दोनदा उगाच खाकरून घेतलं. फक्त रेन्स्के बोलत होती, हलक्या आवाजात: आता हे करतायत, आता खांदा दिसला. मुलगा झाला. खोलीतलं पहिलं वाक्य वीत्स्केने स्वतः उच्चारलं: "ये रे बाबा, आलास का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. आपल्याकडे बाळ झालं की भेटीला येईल त्याला बडीशेपेच्या गोळ्यांचा टोस्ट द्यायचा, आणि त्याने तो उभ्याउभ्या खायचा. नाही म्हणणं अपशकुन नसलं तरी असभ्य आहे. मुलगा, म्हणून निळ्या गोळ्या. वीत्स्केने मुद्दाम लोणी कमी लावलं होतं. टोस्ट तोंडात गेला की माणूस बराच वेळ बोलू शकत नाही, हे ती लहानपणापासून जाणून होती.

"हिस्के झाली तेव्हा तुम्ही बेज रंगाबद्दल बोलत होतात," तिने सुरुवात केली, आणि मग सगळंच सांगितलं. डॉक्टर चावत होते. निळ्या गोळ्या पांढऱ्या कोटावरून घरंगळत होत्या. मध्येच ते गिळून काही बोलू पाहत होते, तर तिने दुसरा टोस्ट पुढे केला. तोही त्यांनी घेतला.

सगळं संपल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "माफ करा. खरंच आठवत नाही." आणि मग, "मी काही करू शकतो का?"

वीत्स्के उशीला टेकून सरळ बसली. टाका ओढला गेला, पण तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नगरपालिकेच्या काउंटरवरचा आवाज लावून ती म्हणाली:

"अर्जदाराची विनंती अशी की, तिच्या थोरल्या मुलीचा जन्म पुन्हा एकवार घेण्यात यावा, आणि या वेळी तो अर्जदारास विचारून घेण्यात यावा. आपण कळवाल त्या दिवशी अर्जदार, पोटासह, हजर राहील."