नीवेसचे वाडगे

दुइलिओने बाटली अलगद तिरपी केली आणि ऑलिव्ह तेलाचा एक थेंब वाडग्याच्या तळाशी पडू दिला. थेंब मुरला नाही. त्याने वाडगा जरासा कलता केला, तर कोबीच्या पानावरून पाणी पळावं तसा तो गोलच्या गोल पळाला. दुसरा टाकला, तोही तसाच.

“देवा रे,” तो पुटपुटला.

जिन्यावर नीवेसच्या चपला वाजल्या. त्याने घाईने वाडगा खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीमागे सरकवला. बाटली मात्र हातातच राहिली.

“पुन्हा पाव?” बायको दारातच थांबली. “डॉक्टरांनी पाव बंद केलाय ना? आणि तू चोरून तेलात बुडवून हाणतोयस!”

“एकच तुकडा गं.”

“मग चुरा कुठे सांडलेला दिसत नाही तो?”

“तोही खाल्ला.”

“शोभतं का या वयात!” तिने बाटली ओढून घेतली, पण हसू काही लपलं नाही. उद्या घेवड्याची जत्रा होती. आज तिला कुणाचाच राग येणार नव्हता.

जत्रा म्हणजे चर्चच्या अंगणात मोठमोठी पातेली चढवायची, घेवड्याचं दाट सूप करायचं आणि आख्ख्या खोऱ्याला वाढायचं. गेली कित्येक वर्षं ते प्लॅस्टिकच्या वाडग्यांतून वाढलं जायचं. ते वाडगे उष्ट्या-खरकट्याबरोबर गावाखालच्या खत प्रकल्पात जायचे, आणि दुइलिओ त्याच प्रकल्पावर कामाला होता. जत्रेनंतर आठवडेच्या आठवडे तो ढिगातून त्यांचे तुकडे वेचत बसायचा. घरी यायचा तेव्हा बोटं चिरलेली असायची. नीवेस त्यांना पट्ट्या बांधायची आणि जत्रेच्या समितीच्या नावाने बोटं मोडायची.

शेवटी तिने समितीच्या बैठकीत जाऊन ठणकावलं होतं, “माझ्या नवऱ्याला पुढच्या वेळी ढिगातून एक तुकडासुद्धा वेचावा लागता कामा नये!” लोक हसले. खजिनदार ओत्तोरिनो तर फारच हसला. तीन जत्रा तिने भांडण लावून धरलं, तेव्हा कुठे या वर्षी हे वाडगे आले. उसाच्या चिपाडापासून केलेले, पांढुरके, हलके. खोक्यावर हिरव्या कोंबाचं चित्र होतं. जेवा आणि वाडग्यासकट खतात टाका, असा सगळा मामला. त्या खोक्यांकडे ती अशा कौतुकाने बघायची, जणू स्वतःच्या हाताने ते वाडगे वळलेत.

नवीन काहीही ढिगात घालायच्या आधी त्याचा नमुना तपासायला पाठवायचा, हा प्रकल्पाचा नियम. त्याप्रमाणे एक वाडगा गेला होता. काल प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

“वाडगा कुजेल हो,” त्या म्हणाल्या, “पण तेल-पाणी अडवायला त्यात जे रसायन घातलंय, ते कुजत नाही. खतातून मातीत जाईल, मातीतून भाजीत. ढिगात घालू नका. आणि त्यात गरम सूप तर मुळीच वाढू नका.”

बाई चुकल्या असतील, या वेड्या आशेने त्याने सकाळी तेलाचा थेंब टाकून पाहिला होता. साधा कागदी लगदा तेल पिऊन टाकतो. याने तो थेंब झेलून धरला.

दर वसंतात सगळं गाव त्याच्याकडून खत भरून नेतं. घेवडा त्याच खतावर वाढतो, नीवेसचाही. म्हणजे गप्प बसणं शक्यच नव्हतं. आणि बोलायचं म्हटलं, तर त्याच्याच बोटांसाठी सगळ्या गावाशी भांडलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

नीवेस चर्चच्या अंगणात घेवडा निवडायला गेली. तो मागच्या वाटेने तिथल्याच गोदामात शिरला, नळी जोडली आणि वाडग्यांच्या खोक्यांवर पाणी सोडलं.

पुठ्ठा पार मऊ पडल्यावर तो अंगणात आला. बायका लांब टेबलाभोवती बसल्या होत्या.

“माझ्या हातून घोटाळा झाला,” तो टोपी काढून म्हणाला. “गोदाम धुवायला गेलो आणि नळी चालूच राहिली. वाडगे भिजले. सगळे गेले.”

नीवेसच्या ओंजळीतला घेवडा टेबलावर सांडला.

“सगळे?”

“सगळे.”

“अरे, पण तुला गोदाम धुवायला सांगितलं कुणी? आजच? आजच सुचलं तुला?” तिचा आवाज चिरकला. ती रडते की काय असं वाटून त्याने मान खाली घातली. शिव्या दे, पण रडू नकोस, एवढंच तो मनात म्हणत होता.

ओत्तोरिनो तोवर गोदामाकडे धावला होता. परत आला तो दोन्ही हातांत वाडगे नाचवत.

“काही झालेलं नाही! पुठ्ठ्याचा चिखल झालाय, पण वाडगे ठणठणीत आहेत! पुसले की झालं काम!”

बायकांनी टाळ्या पिटल्या. दुइलिओने डोळे मिटले. ज्यात तेल शिरत नाही, त्यात पाणी कसं शिरेल? जन्म खतात गेलेल्या माणसाला एवढं सुचू नये!

नीवेसने ओत्तोरिनोच्या हातातला एक वाडगा घेतला. तळाशी थोडं पाणी होतं. तिने तो कलता केला, तसे पाण्याचे मणी इकडून तिकडे पळाले. तिने अंगठ्याने काठ दाबून पाहिला. कडक. आतून ॲप्रनच्या टोकाने पुसला, तर जागा कोरडी ठाक. मग ती उठून नवऱ्याजवळ आली.

“जिरेनियमला पाणी घालताना कुंडीमागे असाच वाडगा दिसला,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत तेलाचे दोन मणी. मला वाटलं, त्यातच खाल्लंस. सकाळी पाव नव्हताच ना?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“खतात चालणार नाहीत?”

“खतात नाही. सुपालाही नाही.”

“मग सांगायचंस की रे मला.”

“माझ्यासाठी आणले होतेस ना तू,” तो म्हणाला.

नीवेसने त्याच्या हातातली टोपी घेतली, त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि टेबलाकडे वळली.

“हे वाडगे वापरायचे नाहीत,” ती मोठ्याने म्हणाली. “यांत कधी न कुजणारं काहीतरी आहे. आपल्याच घेवड्यात उतरेल ते. माझी निवड चुकली.”

“वा!” ओत्तोरिनो उसळला. “तीन वर्षं आमचं डोकं खाल्लंस, आणि आता म्हणतेस नकोत?”

“हो, म्हणते. तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं.”

“आणि सूप कशात वाढणार? माझ्या टोपीत?”

“प्रत्येकाने घरून वाडगा आणायचा. तुझी आई आणायचीच ना? काय वेडी होती ती?”

बायका खदखदून हसल्या. ओत्तोरिनो पुटपुटत कुणाकुणाला निरोप द्यायचा ते विचारू लागला.

रविवारी लोक वाडगे घेऊन आले. कुणाचा टवका उडालेला, कुणाचा लग्नातला सोनेरी काठाचा. ओत्तोरिनो चांगलं मोठं पातेलं घेऊन आला आणि हाच माझा वाडगा म्हणून अडून बसला. नीवेसने त्यात एकच पळी वाढली.

दुइलिओ सगळ्यांत शेवटी बाकाच्या टोकाला येऊन बसला. घाईगडबडीत तो स्वतःचाच वाडगा घरी विसरला होता. नीवेसने तो आठवणीने आणला होता. तिने सूप वाढलं, शेजारी पावाची जाड चकती ठेवली आणि तिच्यावर तेलाची धार धरली.

“अगं, डॉक्टर...”

“काल खाल्ला म्हणालास ना? मग आता खाऊन टाक. माझा नवरा खोटं बोलतो असं कुणी म्हणायला नको.”

बघता बघता पावाने तेल पिऊन टाकलं. दुइलिओने चकती मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. पळी तशीच दुसऱ्या हातात धरून नीवेसने ती उभ्या उभ्या खाल्ली.