सतराव्या पानावर पुसलेलं गोंदण

मी पुस्तिका बोलतेय. हसू नका! फोटो सुधारणाऱ्या एका एआय सॉफ्टवेअरची मी माहितीपुस्तिका. पानं बेचाळीस, मुक्काम वडूज, नानासोंचा फोटो स्टुडिओ.

माझा जन्म कुठल्याशा गार केबिनमधला. मला लिहिणाऱ्यानं फोटो स्टुडिओची पायरीसुद्धा चढलेली नसावी. 'बटण दाबा, कमाल बघा!' हे त्यानं माझ्यात नऊ वेळा लिहिलंय. मलाही बाई ते खरंच वाटायचं. नानासोंनी मला छापून घेतलं, स्पायरल घातलं आणि त्याच दिवशी माझ्यावर चहाचा ग्लास ठेवला. पहिल्या पानावर गोल वण उठला तो कायमचाच. पुढं आठ महिने मी फक्त माश्या हाकलल्या. माणसांची तऱ्हाच अशी. अडल्याशिवाय आम्हाला उघडायचं नाही, आणि उघडलं की म्हणायचं, यात काहीच धड लिहिलेलं नाही.

मग सांगलीहून नानासोंची भाची आली, प्रियदर्शनी. कंपन्यांच्या माहितीपुस्तिका तपासणं हे तिचं काम. वाचून साध्या माणसाला काम जमतं का, कुठं अडतं, हे बघून ती गुण द्यायची. या वेळी पाळी माझी होती.

"मामा, हिच्यात लिहिलंय तेवढंच करायचं. मी तोंड उघडणार नाही," असं म्हणून ती वही घेऊन स्टुलावर बसली. मी आपली ऐटीत. दहापैकी नऊ कुठं गेले नाहीत!

तेवढ्यात माण तालुक्याकडच्या भामाबाई आल्या. पदराखालून त्यांनी एक तसबीर काढली. त्यांच्या आईचा, मनुबाईंचा, घरातला एकुलता एक फोटो. ओल लागून काचेला चिकटलेला.

"वरीसश्राद्ध बेस्तरवारी हाय, नानासो. आय नीट दिसली पायजे बगा."

नानासोंनी काचेसकट तो स्कॅन केला. मग काचेपासून सोडवायला गेले आणि फोटो नेमका कपाळावरच टरकला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवं मावशी, घाबरू नका. कॉम्प्युटरात आलाय त्यो," म्हणत त्यांनी माझं सतरावं पान काढलं. '“डाग काढा” हे बटण दाबा, चेहरा नितळ होईल.' दाबलं. झाला की नितळ! ओल गेली, सुरकुत्यासुद्धा गेल्या. नानासोंनी खुशीत सेव्ह करून टाकलं.

भामाबाई पडद्याकडं बघतच राहिल्या. "ही कोन?"

"तुमची आई की."

"न्हाई. माज्या आयच्या कपाळाला गोंदान हुतं. आय म्हनायची, सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं, मानसासंगं गोंदान तेवढं जातं. तुमी त्येबी पुसलंसा व्हय?"

मी शरमेनं अर्धी झाले. गोंदणालासुद्धा डागात धरायला लावणारी मीच ना! नानासोंनी मागं जायची सगळी बटणं दाबून पाहिली. काही उपयोग नाही. कागदावरचं कपाळ फाटलेलं, पडद्यावरचं पुसलेलं. मनुबाईंचा खरा चेहरा आता कुठंच उरला नव्हता.

आणि गंमत बघा, उपाय माझ्याच पोटात होता. एकोणचाळिसाव्या पानावर, 'इतर' या मथळ्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. अनुक्रमणिकेत त्याचा पत्ताच नाही. ओरडावंसं वाटलं, पण पुस्तिकेला तोंड कुठलं!

प्रियदर्शनीनं वही बाजूला फेकली. "खड्ड्यात गेली ती परीक्षा!" म्हणत मला उचललं आणि पानन् पान चाळायला लागली. बाई माझी, अजून पुढं जा, अजून पुढं, मी मनातल्या मनात म्हणत होते.

"मामा, सापडलं! मूळ प्रत तीस दिवस 'जुन्या प्रती'त राहते!"

मनुबाई परत आल्या, ओलीसकट, गोंदणासकट. मग तेविसाव्या पानावरची युक्ती वापरून नानासोंनी चेहऱ्याला हातच लावला नाही, भोवतालची ओल तेवढी काढली. भामाबाईंनी पडद्यावरच्या कपाळाला हळूच बोट टेकवलं.

"आली. माजी आय आली गं!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

मला गुण मिळाले दहापैकी चार. प्रियदर्शनीनं लिहिलं, 'महत्त्वाचं ते शेवटी लपवलंय आणि काय बिघडू शकतं ते कुठंच सांगितलेलं नाही.' खरं सांगू? चारसुद्धा जास्तच झाले.

पण मागच्या महिन्यात माझी नवी आवृत्ती आलीय. तिच्या सतराव्या पानावर सुरुवातीलाच लिहिलंय, 'मूळ प्रत आधी वेगळी ठेवा. गोंदण, तीळ, व्रण यांना घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.' आणि नानासो चक्क काम सुरू करायच्या आधी तिला वाचतात! मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हा पुस्तिका लिहिणाऱ्यांनो, कमाल मागाहून सांगा. आधी काय बिघडेल ते सांगा, आणि ठळक अक्षरात सांगा. तुमच्या एका ओळीपायी कुणाची तरी आई हरवते.

उद्या रद्दीवाला येणार आहे. माझी पानं सुटी होतील, कुणी त्यात भजी बांधून नेईल. नेऊ दे. पहिल्या पानावरचा तो चहाचा गोल वण तेवढा कुणी पुसू नका. माझं गोंदण आहे ते. संगं येईल ते तेवढंच.